यंत्र थांबवण्याचा अधिकार : भिवंडीतील एक संवाद

माध्यमिक शाळेत, म्हणजे साधारणपणे आठवी ते दहावीच्या टप्प्यात, हाताने काम करून शिकण्याला किती जागा असावी हा प्रश्न महाराष्ट्रात जुनाच आहे, पण तो कोणत्या गावात विचारला जातो यावर त्याचा अर्थ बराच अवलंबून असतो. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या लेखणीवर पोट चालले, त्या घरांतल्या मुलाने रंधा किंवा पाना हाती धरला तर पालकांना त्याचे कौतुक वाटते आणि त्याचे छायाचित्रही काढले जाते. भिवंडीत मात्र शाळेच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो आणि मुलाचे हात कामाला लागणे ही तिथे कौतुकाची नव्हे, धास्तीची गोष्ट असते. ठाणे जिल्ह्यातील हे शहर गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागावरून यंत्रमागाकडे वळले. उत्तर प्रदेशातील मोमीन विणकर, तेलुगू भाषक पद्मशाली आणि पुढे बिहारपर्यंतच्या प्रदेशांतून आलेले कामगार इथे स्थिरावले. आणि गेल्या दोन दशकांत मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास, काल्हेर, दापोडे, मानकोलीच्या बाजूला, गोदामांची एक वेगळीच वसाहत उभी राहिली. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषांतून ज्या शहरात शाळा भरतात, तिथल्या मुलांच्या घरांना जोडणारी गोष्ट बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे घरातल्या कोणाचा तरी माग, गोदाम किंवा सायझिंगशी असलेला संबंध. सायझिंग म्हणजे विणण्यापूर्वी उभ्या धाग्यांना खळ लावून ते मजबूत करण्याची प्रक्रिया.

अशा शहरातील एका माध्यमिक शाळेत ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय सुरू करावा की नाही, यावर पालकसभेनंतर झालेला संवाद पुढे मांडला आहे. शाळा कल्पित आहे आणि बोलणाऱ्या दोन व्यक्तीही कल्पित आहेत. त्यांचे बोलणे ग्रंथभाषेत आणताना थोडे घासूनपुसून घेतले आहे. एक आहेत गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या ज्येष्ठ शिक्षिका, ज्यांना शाळेत सगळेच ‘बाई’ म्हणतात. दुसरे आहेत नववीतील एका मुलीचे वडील, जे एका कारखान्यात जॉबर आहेत आणि ज्यांना बाई ‘मिस्त्री’ म्हणतात. जॉबर म्हणजे मागांची जोडणी आणि दुरुस्ती करणारा कारागीर. विणणारा कामगार माग चालवतो, तर बिघडलेला माग पुन्हा चालता करण्याची जबाबदारी जॉबरची असते. वाचकाला कदाचित वाटेल की कारागीर हस्तशिक्षणाच्या बाजूने आणि शिक्षिका पुस्तकाच्या बाजूने बोलतील, पण इथे नेमके उलटे आहे आणि या विषयाचा खरा गुंता त्या उलटेपणातच आहे.

बाईंनी आरंभ पाबळपासून केला. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. हिंदुस्थान लिव्हरसारख्या कंपनीत अन्नतंत्रज्ञानाचे संशोधन केलेल्या या शास्त्रज्ञाची धारणा अशी होती की ग्रामीण मुलगा बुद्धीने कमी नसतो. शाळेत त्याच्यासमोर जी भाषा येते ती त्याच्या अनुभवाशी जुळत नाही म्हणून तो मागे पडतो. त्यांनी आखलेला अभ्यासक्रम 1987 मध्ये राज्य मंडळाने माध्यमिक शाळांसाठी व्यवसायपूर्व विषय म्हणून मान्य केला आणि ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा तो विषय ‘आयबीटी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. त्याचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी (म्हणजे जोडकाम, सुतारकाम, बांधकाम), ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती व पशुपालन. आठवड्यातला एक दिवस या विषयाला दिलेला असतो आणि वर्गातला प्रत्येक विद्यार्थी, मुलगा असो वा मुलगी, चारही विभागांतून जातो. बाई म्हणाल्या, “मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाक करतात, रक्तातले हिमोग्लोबिन तपासतात, गावाला लागणारी छोटी कामे शाळा स्वतः करून देते. मिस्त्री, ही शाळा मुलांना कामगार करायला निघालेली नाही.”

जॉबरांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की बाईंना उत्तर द्यायला वेळ लागला. “बाई, तुमची मुले ज्या शाळेत गेली, त्या शाळेत हा विषय होता का?” नव्हता, असे बाईंनी सांगितले. या उत्तराने त्यांची बाजू ढासळते असे नव्हे, परंतु हस्तशिक्षणाच्या भारतीय इतिहासातली सर्वांत जुनी अडचण या एका प्रश्नाने पुढे आली. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ ही संकल्पना मांडली तेव्हा ती सर्व विद्यार्थ्यांसाठी होती. शाळेत, घरी, कार्यशाळेत किंवा शेतात प्रत्यक्ष उत्पादक कामात सहभाग, असा तिचा अर्थ होता. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने तिलाच ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव दिले. पुढे वेळापत्रकात या नावाचा तास राहिला, पण गुणपत्रिकेत त्याला वजन उरले नाही. अनेक शाळांत हा तास म्हणजे वर्षाअखेरीच्या प्रदर्शनासाठी बाजारातून आणलेली तोरणे टेबलावर मांडण्याचा तास झाला, हे सांगायला कोणत्याही सर्वेक्षणाची गरज नाही. व्यावसायिक विषय मात्र हळूहळू ‘अभ्यासात कच्च्या’ मुलांसाठी राखले गेले. जॉबरांचा आक्षेप या घसरणीलाच होता: चांगल्या शाळांत जे नाही, ते इथेच का?

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक खोल होता. “आमच्याकडे मुलाला काम शिकवावे लागत नाही,” ते म्हणाले. “तो नववीत आला की काम त्याला शोधत येते. शाळेकडून आम्हाला नेमके तेच हवे आहे, जे कारखान्यात मिळत नाही.” इथे कायद्याची एक बाजू लक्षात घ्यायला हवी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने आठवीपर्यंत आहे. आणि बालकामगारविषयक कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी असली, तरी चौदा ते अठरा या वयातील किशोरांना केवळ धोकादायक व्यवसायांत मज्जाव आहे. शिवाय शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात मुलाने हातभार लावण्याची सवलत त्याच दुरुस्तीने दिली. परिणामी नववीचा उंबरठा अशा ठिकाणी येतो, जिथे एक कायदा हात सोडतो आणि दुसरा पुरता हात धरत नाही. त्याच उंबरठ्यावर शाळेनेही मुलाच्या हाती अवजार दिले, तर घरच्या अडचणीत सापडलेल्या बापाला ‘शाळेतही हेच करतो, मग कारखान्यात केले तर काय बिघडले’ असे म्हणायला वाव मिळतो, ही जॉबरांची भीती निराधार म्हणता येणार नाही.

जॉबरांना ठाऊक नसलेला एक इतिहासही त्यांच्या बाजूने उभा आहे. 1953 मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळांसाठी अशी योजना आणली की मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरच्या धंद्याचे काम शिकावे. वर्ग कमी आणि मुले जास्त, ही त्यामागची प्रशासकीय अडचण खरी होती. पण कुंभाराच्या मुलाने चाक आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तरा हाती घ्यावा, असाच तिचा व्यवहारातला अर्थ होता, म्हणून पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलशिक्षण’ ठरवून कडाडून विरोध केला आणि 1954 मध्ये कामराज यांच्या सरकारने ती मागे घेतली. हाताचे शिक्षण आणि जातीचा धंदा यांच्यातले अंतर आपल्या समाजात किती कमी आहे, हे त्या एका वर्षात दिसून आले. विणकरांच्या वस्तीतल्या शाळेने मागाचे शिक्षण द्यावे, हे विधान ऐकायला कितीही प्रगत वाटले, तरी पद्मशाली किंवा मोमीन घरातल्या पालकाच्या कानाला ते वेगळेच ऐकू येऊ शकते.

बाईंना हा इतिहास ठाऊक होता आणि त्यांनी तो टाळला नाही, पण त्यावर त्यांनी महाराष्ट्रातलाच एक प्रतिदाखला दिला. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे साधे धडे असावेत अशी मागणी केली होती. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना अक्षर नाकारले जाण्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस शेतीचे ज्ञान अक्षराच्या जागी ठेवत नाही, अक्षराच्या शेजारी ठेवतो. म्हणजे उपयुक्त ज्ञान आणि मुक्तीचे ज्ञान यांत त्यांनी निवड करायला लावली नाही. बाईंच्या मते राजगोपालाचारी यांची योजना आणि पाबळचा अभ्यासक्रम यांतला फरकही इथेच आहे. पहिलीत मुलाने बापाचा एकच धंदा शिकायचा होता. दुसऱ्यात विणकराच्या मुलीने माती तपासायची, वायरिंग करायचे, सिमेंटचे प्रमाण ठरवायचे आणि भाकरीत किती लोह असते हे बघायचे असते. अनेक कौशल्यांची ही अट वरवर साधी दिसते, परंतु वारशाने आलेल्या धंद्यापासून हस्तशिक्षणाला सोडवणारी तरतूद शोधायची तर बहुधा तीच सापडते. गांधीजींच्या नई तालीम योजनेला, म्हणजे ऑक्टोबर 1937 मधील वर्धा परिषदेतून आणि झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यातून पुढे आलेल्या मूलोद्योगी शिक्षणाला, हीच तरतूद अपुरी पडली असे म्हणण्यास जागा आहे, कारण बऱ्याच शाळांत मूलोद्योग म्हणजे टकळीवर सूत काढणे एवढेच उरले आणि टकळीभोवती जे गणित, भूगोल, इतिहास गुंफायचे होते ते गुंफायला शिक्षक तयार झाले नाहीत.

यानंतर संभाषण कापडाकडे वळले, आणि इथे दोघांचीही भाषा बदलली. बाईंनी फळ्यावर मांडायचे उदाहरण तोंडी मांडले. माग मिनिटाला 150 फेऱ्या करतो, म्हणजे मिनिटाला आडवा धागा 150 वेळा टाकला जातो; या आडव्या धाग्याला कारखान्यात ‘पिक’ म्हणतात. कापड एका इंचात 60 पिकांचे असेल, तर मिनिटाला अडीच इंच आणि तासाला 150 इंच, म्हणजे 3.81 मीटर कापड निघेल. धागा तुटणे, कांडी बदलणे अशा कारणांनी माग पाचवा हिस्सा वेळ थांबतो असे धरले, तर तासाला साधारण 3.05 मीटर आणि बारा तासांच्या पाळीत सुमारे साडेछत्तीस मीटर. इंचातली पिके वाढवली तर लांबी त्याच प्रमाणात कमी होते, आणि आठवीच्या गणितात ‘चलन’ या प्रकरणात ज्याला व्यस्त चलन म्हणतात ते नेमके हेच आहे. जॉबरांनी लगेच दुरुस्ती केली की पाचवा हिस्सा हा आकडा चांगल्या सुताचा आहे. सूत हलके आले तर माग त्याहून जास्त थांबतो, आणि कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर असल्यामुळे हलक्या सुताचा तोटा शेवटी त्याच्याच अंगावर येतो. इचलकरंजी या यंत्रमागाच्या दुसऱ्या शहरात मजुरीच्या वाटाघाटी 52 पिकांच्या कापडाच्या मीटरमागील दरावर का अडतात, हे ज्याला पिक आणि मीटर यांचे नाते कळते त्यालाच उमगते. मीटरचा दर तोच ठेवून पिके वाढवणारा मालक मजुरी कमी करत असतो, जरी दरपत्रकावर एकही आकडा बदललेला नसला तरी. बाईंचे गणित इथे जॉबरांच्या अनुभवाने पुरे झाले, आणि गंमत अशी की हस्तशिक्षणाला विरोध करणाऱ्यानेच त्याचा सर्वांत चांगला धडा दिला.

जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1896 मध्ये शिकागोत सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेतही मुलांच्या हाती कच्ची लोकर आणि कपाशीची बोंडे दिली जात, आणि सरकीपासून कापसाचा तंतू हाताने सोडवणे किती जिकिरीचे आहे हे कळल्यावर यंत्र येण्यापूर्वी युरोपात लोकरीचे कापड अधिक का वापरले जाई, याचे कारण त्यांना स्वतःच सापडे. कापड हे इतिहास, भूगोल, भौतिकशास्त्र यांच्याकडे जाण्याचे दार ठरू शकते हे ड्यूईंनी दाखवले, पण त्या मुलांच्या घरात बहुधा कोणी विणकर नव्हता. भिवंडीतल्या वर्गात ते दार आधीच उघडे आहे, आणि शिवाय त्यातून आत आलेल्या मुलाला मजुरीचे गणितही कळू शकते, जे शिकागोत कळण्याचे कारण नव्हते.

तरीही जॉबरांचे समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे असे की हे सारे ते स्वतः शाळेत न शिकता शिकले. उस्तादाच्या हाताखाली चार वर्षे पाना देत, शिव्या खात. मग शाळेने यात नवे काय द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर बाईंनी दिले ते या संवादाचे मर्म मानायला हरकत नाही. कारखान्यात शिकणाऱ्याला माग बिघडल्यावरच आत पाहता येते, आणि तेव्हाही घाईत. चालू माग ‘असे का होते’ एवढे विचारण्यासाठी थांबवण्याचा अधिकार त्याला नसतो. एक मिनिट माग थांबला तर वरच्या हिशेबाने अडीच इंच कापड गेले, आणि दहा मिनिटांच्या शंकासमाधानाची किंमत पंचवीस इंच. त्यामुळे कारखाना फक्त तेवढेच शिकवतो जेवढे उत्पादन न थांबता शिकवता येते. शाळेतल्या मागाला मीटरचे देणे नसते. तिथे तो मुद्दाम थांबवता येतो, उलटा फिरवता येतो, आडवा धागा तुटल्यावर माग आपोआप बंद करणारा काटा काढून टाकून काय होते हे पाहता येते, चुकीची जोडणी करून कापड बिघडवता येते. बाई म्हणाल्या, “मिस्त्री, तुम्हाला चार वर्षे लागली, कारण तुम्हाला विचारायला कोणी थांबू दिले नाही.”

हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि हस्तशिक्षणाच्या बाजूने केल्या जाणाऱ्या नेहमीच्या युक्तिवादांहून तो वेगळा आहे. रोजगार मिळतो, श्रमाला प्रतिष्ठा येते, अभ्यासाचा कंटाळा जातो, ही विधाने चुकीची नसली तरी भिवंडीत ती पोकळ वाटतात. तिथे श्रमाची प्रतिष्ठा शिकवायला निघालेल्या पाहुण्याकडे लोक सहिष्णुतेने बघतील एवढेच. यंत्र थांबवून त्याच्या आत पाहण्याची सवड मात्र त्या शहरात खरोखर कोणाकडेच नाही, आणि ती केवळ शाळेला देता येते. नववीच्या विज्ञानात ध्वनीचा अभ्यास आहे आणि दहावीत विद्युतधारेच्या परिणामांत विद्युत चलित्र, म्हणजे मोटार, आहे. ज्या मुलाच्या डोक्यावर झोपेतही मागांचा आवाज असतो त्याला डेसिबल हे एकक म्हणून पाठ करायला लावायचे आणि शेडमधला आवाज मोजू द्यायचा नाही, यात शाळेचा काही धोरणात्मक विचार आहे असे वाटत नाही, निव्वळ सवय आहे. कारखान्यांसाठी आठ तासांच्या कामाला 90 डेसिबल ही मर्यादा मानली जाते. आठ तासांची मर्यादा बारा तासांच्या पाळीला लावता येते का, हा प्रश्न त्या मोजणीतून मूल आपोआप विचारू लागेल. वीजबिलाचेही तसेच. भिवंडीत 2007 पासून विजेचे वितरण फ्रँचायझी पद्धतीने खासगी कंपनीकडे आहे, आणि बिलावरून तक्रार न करणारा कारखानदार शोधूनही सापडणार नाही. पण एका अश्वशक्तीची मोटार म्हणजे 746 वॅट आणि पूर्ण भाराने बारा तास चालली तर जवळजवळ नऊ युनिट, शिवाय मोटारीतच वाया जाणारी वीज वेगळी, हा हिशेब घरातल्या शाळकरी मुलीने करून दाखवल्याचे क्वचितच घडते.

जॉबरांनी यावर जे सांगितले ते बाईंना अपेक्षित नव्हते. प्रश्न विचारता येणे आणि त्या प्रश्नाचा उपयोग होणे यांत फार अंतर असते, असा त्यांचा रोख होता. सप्टेंबर 2020 मध्ये भिवंडीतल्या पटेल कंपाउंड भागातली तीन मजली इमारत पहाटे कोसळली आणि तीसहून अधिक माणसे मेली. “बाई, तडा गेलेली भिंत ओळखायला बांधकामाचा तास लागत नाही. तडा सगळ्यांनाच दिसतो. दुसरीकडे जायला भाडे लागते.” कौशल्य म्हणजे सत्ता नव्हे, हे त्यांनी इतक्या थोड्या शब्दांत सांगितले की त्यावर ग्रंथांतल्या व्याख्या तोकड्या पडाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात जीवनकौशल्यांची जी दहा नावे प्रचलित केली, त्यांत निर्णय घेणे, समस्या सोडवणे, चिकित्सक विचार, समानुभूती, ताणतणावाला तोंड देणे इत्यादींचा समावेश आहे. आपल्या परिस्थितीला परिणामकारकपणे सामोरे जाण्याची क्षमता, असा जीवनकौशल्याचा अर्थ तिथे सांगितला जातो. परंतु परिस्थिती बदलण्याची जबाबदारी हळूच व्यक्तीच्या खांद्यावर टाकण्याची सोयही त्या व्याख्येत आहे. ज्याला घर बदलता येत नाही त्याला ताणाचे व्यवस्थापन शिकवणे ही शिक्षणाची थट्टा ठरू शकते, आणि माध्यमिक शाळांतल्या जीवनकौशल्य कार्यशाळांची भाषा पाहता ती अनेकदा ठरतेही.

बाईंनी या ठिकाणी प्रतिवाद केला नाही. त्यांनी इतकेच म्हटले की तडा दिसणे आणि तो गिलाव्यातला आहे की खांबातला आहे हे सांगता येणे यांत फरक आहे, आणि महापालिकेकडे तक्रारअर्ज लिहिताना तो फरक कामाला येतो. अर्ज लिहिणे हेही हस्तशिक्षणच आहे आणि त्याचा सराव शाळेत कधी घेतला जात नाही. हे उत्तर अर्धेच आहे. पण अर्धे उत्तर देऊन थांबणे हे, सगळ्या प्रश्नांना एकच विषय पुरेल असे म्हणण्यापेक्षा बरे.

मागाविषयी एक वेगळी शंका उरत होती, आणि ती धंद्याच्या भवितव्याची होती. गेल्या काही वर्षांत भिवंडीत साधे माग वजनावर भंगारात विकले गेले. धोट्याऐवजी रेपियरने, म्हणजे धागा पकडून नेणाऱ्या पट्टीने, किंवा हवेच्या झोताने आडवा धागा नेणारे माग आले, आणि पुष्कळ जागी कारखान्याच्या ठिकाणी गोदाम उभे राहिले. जॉबर म्हणाले, “भंगारातला माग आणून शाळेत ठेवाल, म्हणजे आमचा धंदा मेला हेच मुलांना शिकवाल.” बाईंच्या दृष्टीने साध्या मागाची किंमत त्याच्या साधेपणातच होती. ताण्याचे म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन थर वर-खाली होऊन मधे जागा उघडते, त्या जागेतून धोटा आडवा धागा घेऊन जातो आणि फणी तो धागा कापडाशी ठोकून बसवते. हे तीन व्यापार साध्या मागावर डोळ्यांना दिसतात, कॅम, तरफ आणि दांडे हाताने फिरवता येतात. नव्या मागावर तेच व्यापार आवरणाआड होतात आणि त्यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. तत्त्व शिकायला जुने यंत्र बरे, आणि तत्त्व कळलेल्याला नवे यंत्र परके वाटत नाही, असा त्यांचा विश्वास होता. पाबळलाच 2002 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर वस्तू कापणारी आणि घडवणारी छोटी कार्यशाळा उभी राहिली, आणि ती वेल्डिंग यंत्राच्या शेजारीच नांदली, याचा उल्लेख त्यांनी केला. जॉबरांना हे पटले की नाही, कळायला मार्ग नाही. रेपियर मागाची दुरुस्ती करायला आता कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, जॉबरला झाकण उघडायची परवानगी नसते, एवढेच ते म्हणाले, आणि यंत्र उघडण्याच्या अधिकाराचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या वाट्यालाही आला असल्याचे त्यातून दिसले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 चा उल्लेख अशा चर्चेत अटळ असतो. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशांच्या हाताखाली पाठवावे, आणि 2025 पर्यंत शाळा व उच्च शिक्षणातील निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय व्हावा, असे त्यात म्हटले आहे. दहा दिवसांत परिचय होतो, शिक्षण होत नाही, यावर दोघांचेही एकमत झाले. संपूर्ण संभाषणात इतक्या सहज झालेले एकमत हे एकच.

शेवटचा प्रश्न शिकवणार कोण, हा होता, आणि आधीच्या सगळ्या तात्त्विक मुद्द्यांपेक्षा तोच अधिक अडचणीचा ठरला. पाबळच्या पद्धतीत निदेशक म्हणून त्या परिसरातले कारागीर घेतले जातात: गावचा वेल्डर, गवंडी, वायरमन, पशुपालक. बाईंनी जॉबरांना सरळ विचारले की ते येतील का. जॉबरांनी उलट विचारले की बारा तासांची पाळी आणि मीटरवरची मजुरी असणाऱ्या कारखान्यातला माणूस आठवड्याचा एक दिवस कुठून आणणार, बुडालेली मजुरी कोण देणार, आणि दहावी नापास माणसाला शाळेच्या नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहिणार. तिसऱ्या प्रश्नाला बाईंकडे उत्तर होते: मानद निदेशक म्हणून, संस्थेच्या ठरावाने. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर म्हणजे संस्थेच्या अंदाजपत्रकातली एक ओळ, जी अजून कोणी लिहिलेली नव्हती. शासन अनुदानित शाळेला शिक्षकाचे वेतन देते. कारागिराच्या बुडालेल्या मजुरीचे शीर्षक कोणत्याही वेतनपत्रकात नाही, आणि हस्तशिक्षणाच्या बहुतेक योजना आजवर याच ठिकाणी कोरड्या पडल्या आहेत.

तरीही जॉबरांनी दोन अटी घातल्या, ज्यावरून त्यांचा विरोध पूर्वीसारखा ठाम राहिला नसावा असे वाटते. पहिली अशी की शाळेतल्या मागावर विकण्याजोगे कापड कधीही काढायचे नाही, कारण एकदा विक्री सुरू झाली की मीटर मोजणे सुरू होईल आणि मीटर मोजले की माग थांबणार नाही. इथे नई तालीमच्या स्वावलंबनाच्या तत्त्वाशी, म्हणजे मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा या विचाराशी, जॉबरांनी अजाणता जाहीर फारकत घेतली. पाबळ मात्र गावाची छोटी कामे मोबदला घेऊन करते आणि त्या व्यवहारालाच शिक्षण मानते, तेव्हा हा वाद पुढे चालण्यासारखा आहे. दुसरी अट अशी की विषयाचे गुण दहावीच्या निकालात धरले जावेत आणि तो वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलीलाही तितकाच सक्तीचा असावा. बाईंनी पहिली अट प्रस्तावाच्या मसुद्यात तिथेच लिहून घेतली. दुसरीतला गुणांचा भाग मंडळाच्या विषययोजनेवर अवलंबून होता आणि सक्तीचा भाग इतर पालकांच्या संमतीवर, म्हणून तिच्यापुढे त्यांनी पुढच्या सभेची तारीख लिहिली.